सोनकांबळे साहेबांचं कडू पाणी

सोनकांबळे साहेब माणसाचं नाव नंतर विचारायचे, आधी त्याच्या नाकाकडं बघायचे. मग हनुवटी, मग गालफडं. आमच्या हेडक्लार्कच्या मुलीच्या लग्नात हातात अक्षता घेऊन उभे होते, तर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "नवरदेव मिडियम हाय. नवरीला स्मॉल लागंल."

मास्कचा साइज सांगत होते. दुसरं काही त्यांच्या डोक्यात नसायचंच.

लातूरच्या उदगीर रोडवर एका डाळ मिलमध्ये मी टाइमकीपर होतो आणि ते सेफ्टी ऑफिसर. मूळचे बिलोलीचे, बरीच वर्षं नांदेडला काढून इकडं आलेले. मुंबईच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली होती, की तुरीच्या धुळीत काम करणाऱ्या प्रत्येकाला मास्क पाहिजे आणि तो त्याच्या चेहऱ्याला नीट बसतो हे तपासलेलं पाहिजे. शेठनी मास्कची खोकी आणली आणि तपासायला सोनकांबळेंना आणलं. खोकी आणि साहेब, दोन्ही फक्त दाखवायला आहेत अशी शेठची समजूत होती.

तपासणी म्हणजे एक तमाशाच असायचा. माणसाला मास्क घालून स्टुलावर बसवायचं, डोक्यावरून प्लास्टिकचं पारदर्शक टोपडं घालायचं आणि टोपड्याच्या भोकातून जहाल कडू पाण्याचा फवारा मारायचा. मास्क घट्ट बसला असेल तर काही कळत नाही. कुठं फट असेल तर जीभ कडूजार होते. फवारा चालू असताना मान हलवायची, वाकायचं आणि मोठ्यानं बोलायचं. काय बोलायचं ते कुणाला सुचायचं नाही. मग साहेब म्हणायचे, "सासूबद्दल बोला." त्यावर बायका थांबता थांबायच्या नाहीत.

"हवा दारातून येत न्हाई, फटीतून येते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहा पितानाही म्हणायचे, पगार झाल्यावरही म्हणायचे.

आमचा फिटर नांदेडचा सरदारजी. दाढीवर मास्क बसेना. मॅनेजर म्हणाला, "काढून टाका त्याला." साहेब उसळले. "दाढी त्याच्या धर्माची हाय, धूळ आपल्या मिलची. हलवायची तर धूळ हलवा." शेवटी सरदारजीचं वर्कशॉप बाहेर शेडमध्ये गेलं आणि मॅनेजरच्या मनात साहेबांची जागा कायमची ठरली.

ते साल दुष्काळाचं होतं. लातूरला पाणी रेल्वेनं यायचं. आमच्या वस्तीत आठवड्यातून एकदा टँकर, तोही मचूळ पाण्याचा. मिलमधल्या कामाला सोन्याचा भाव आला होता. त्यात उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा होती. काहीही मागितलं की मॅनेजर म्हणायचा, "नवा जिल्हा होऊ द्या, मग बघू." पंखा बिघडला तरी नवा जिल्हा, संडासाचं दार मोडलं तरी नवा जिल्हा.

चाळणीवरच्या बायकांच्या तपासणीत घोटाळा झाला. मास्क सगळे एकाच मापाचे, गड्यांच्या तोंडाचे. बायकांच्या हनुवटीखाली बोट जाईल एवढी फट. पण नापास झालं तर चाळणीवरचं काम जाणार, हे बायकांना पुरतं ठाऊक. त्यांनी एकमेकींत ठरवून टाकलं. फवारा मारला की दगडासारखं बसायचं.

शेषाबाई त्यांची म्होरकी. साहेबांनी विचारलं, "कडू लागलं का?"

"न्हाई बा."

"डोळे का मिटले मग?"

"देवाचं नाव घेऊन राहिले."

"खरं बोला, बाई. तुमच्याच छातीत जाते ही धूळ."

शेषाबाईनं टोपडं ओढून काढलं. "खरं सांगू का साहेब? आमच्या टँकरच्या पाण्यापुढं तुमचं पाणी सरबत हाय. लिवा पास!"

सगळ्या हसल्या. साहेब हसले नाहीत. सगळ्यांना नापास लिहिलं आणि बारीक मास्क मागवा म्हणून मॅनेजरकडं गेले. मॅनेजरनं नवा जिल्हासुद्धा काढला नाही. "मास्क कशाला बदलायचे? चेहरे बदला. बायका काढा, गडी घ्या."

दुसऱ्या दिवशी बायका गेटच्या बाहेर. साहेब आले तशी शेषाबाई पुढं झाली. "आमच्या चुलीत पाणी ओतलंस रे! तुझं तळपट होईल!" एकीनं माती उचलून त्यांच्या सदऱ्यावर फेकली. ते थांबून सगळं ऐकत राहिले. मग सदरा न झटकताच आत गेले.

आत जाऊन त्यांनी गड्यांची तपासणी काढली, जुन्या-नव्या सगळ्यांची. प्यायला पाणी नाही तिथं दाढी कोण करतंय? एकूण एक गड्याच्या गालावर खुंट. खुंटावर मास्क बसत नाही. फवारा मारला की गडी थू थू करत उठायचा. संध्याकाळपर्यंत अख्खी मिल नापास. आणि मुंबईचा माणूस पाहणीला दोन दिवसांत येणार होता.

शेठ स्वतः धावत आले. "सोनकांबळे, तुला पाहिजे तरी काय?"

"बारीक मास्क मागवा आन् बायांना परत घ्या. पाणी असो नसो, बायांना दाढी येत न्हाई."

शेठनी हैदराबादला गाडी पिटाळली. बारीक मास्क आले, बायका परत आल्या, तपासणीत खरोखर पास झाल्या. मुंबईचा माणूस खूश होऊन गेला. तो गेला त्याच आठवड्यात साहेबांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

बायकांना वाटलं, आपल्या शिव्या फळल्या. त्या दिवशी त्यांनी चाळणीवर गूळ वाटला. मला राहवेना. मी निघालो सांगायला, तर साहेबांनी हात धरला. "नका सांगू. त्यान्ला कळलं तर मॅनेजरशी भांडतील, आन् परत बाहेर बसतील."

त्यांच्या जागी आलेला माणूस कुणाच्या तोंडाकडं न बघता सह्या करायचा. त्याचं उत्तम चाललं होतं.

बरेच महिने गेले. एकदा जेवणाच्या सुट्टीत शेषाबाई साहेबांची नक्कल करत होती, डोळे बारीक करून, "कडू लागलं का? कडू लागलं का?" बाकीच्या पोट धरून हसत होत्या. मी तिला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. ती भांडली नाही. पदराच्या टोकाशी चाळा करत उभी राहिली, मग म्हणाली, "त्याला रांधून घालणारं कुणी हाय का?"

"बिलोलीला एकटेच असतात म्हणे."

माझी सासुरवाडी बिलोलीजवळच्या नायगावची, हे तिला माहीत होतं. शनिवारी निघताना तिनं माझ्या हातात एक फडकं दिलं. ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

नायगावहून मी बिलोलीला गेलो. बसस्टँडमागं त्यांची खोली होती. एक ताट, एक तांब्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी बायकोचा, हार घातलेला. साहेब वाळले होते. फडकं कुणी दिलं ते सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पट्टा मागून नीट बांधते का ती? लई ढिला ठेवायची."

"बांधते," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि एक भाकरी खाल्ली, सावकाश. बाकीच्या पुन्हा फडक्यात गुंडाळायला लागले.

"खा की साहेब," मी म्हणालो, "उद्या वाळतील."

"वाळू द्या," ते गाठ मारत म्हणाले. "पुरवून खाईन."