वर्णन न करता शोधायची पेटी

गुपिताचं रक्षण हे थोर राष्ट्रकार्य असतं, आणि ते सहसा अशा माणसाकडे जातं ज्याला दुसरं काहीच जमत नाही. कझाकस्तानच्या माळावरच्या प्रक्षेपणतळावर ते अमेरिकेच्या वेंडेल क्रॉलकडे होतं. परक्यांच्या रॉकेटवरून उडणाऱ्या अमेरिकी उपग्रहात एक पेटी बसायची. जमिनीवरून येणाऱ्या सांकेतिक हुकमांचं कुलूप ती उघडायची. ती परक्यांच्या नजरेस पडू द्यायची नाही, एवढंच काम. वेंडेल तिच्याशेजारी जेवायचा, झोपायचा. (आंघोळीबाबत नियमावली गप्प होती, म्हणून तोही गप्प होता.) नियमावली त्यानेच लिहिली होती. परक्याला पेटीचं वर्णन सांगू नये. परक्याने दाखवली तरी ओळख देऊ नये. या दुसऱ्या कलमाबद्दल त्याचा सत्कारही झाला होता.

मग रॉकेट उडालं आणि आकाशातच फुटलं. वरून फर्मान आलं: नियमात राहून पेटी परत आणा, नाहीतर पेन्शन विसरा.

रॉकेटचे तुकडे पडले की माळावरची माणसं ते घरी नेतात. गोठ्याला पत्रा होतो, कोंबड्यांना खुराडं होतं. वेंडेल दारोदार फिरत कुल्याश अपांच्या (अपा म्हणजे तिकडची आजी) घरी पोचला. इथली भाषा त्याला येत होती. अडचण भाषेची नव्हतीच.

"काय हरवलंय रे?"

"सांगता येत नाही, अपा."

"केवढं आहे?"

"तेही नाही."

"अरे मेल्या, मग सापडलं तर कळणार कसं?"

"तुम्ही दाखवा. मला कळेल."

"आणि तेच असलं तर?"

"तर मी नाही म्हणेन."

अपांनी कपाळाला हात लावला. "आधी चहा घे. उपाशी दिसतोयस."

चहाचा पहिला घोट घेताना त्याला ती दिसली. कोपऱ्यात चक्क्याच्या पिशवीवर दाब म्हणून ठेवलेली, साधा पोचाही नाही.

"हे तर नव्हे?" अपांनी त्याची नजर पकडली. "ने की मग! मला काय, धोंडाही चालेल."

पेन्शन दोन हातांवर होती. वेंडेलला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"नाही," तो म्हणाला.

पेन्शन गेली. नियम मात्र अभंग राहिला, आणि चक्का घट्ट झाला.

हसताय? तो उपग्रह काही लष्कराचा नव्हता. रोज रात्री तुमच्या घरी सासू-सुनांची भांडणं पोचवायला निघाला होता. नवी वाहिनी लांबली म्हणून केबलवाल्याच्या सात पिढ्या उद्धरणारे तुम्हीच ना?