शशिधर गुप्ते रेडिओची स्तुती करतात

शनिवारी सकाळी शशिधर गुप्ते ड्रेसिंग गाऊनवर ओव्हरकोट चढवून इल्फर्ड लेनच्या कोपऱ्यावर गेले आणि एकाच वर्तमानपत्राच्या चार प्रती घेऊन परतले. एक घरात ठेवायला, एक फायलीत लावायला, एक पुण्याच्या भावाला आणि एक कुणाच्या तरी हाती नैरोबीला, वांबुआला. त्यांचं पत्र छापून आलं होतं.

हे पत्र लिहायला त्यांना तीन आठवडे लागले होते. विलायतेत इल्फर्डला येऊन कौन्सिलच्या लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारायला लागण्यापूर्वी गुप्त्यांनी बावीस वर्षं नैरोबीच्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादकी केली होती. वांबुआ त्यांच्या समोरच्या टेबलावर बसायचा. तो अजून तिथेच होता. एकोणनव्वदच्या मार्चमध्ये त्याने 'मक्याचं पीठ महागलं' असा मथळा दिला. सरकारी रेडिओवर त्या संध्याकाळी पीठ महागलेलं नव्हतं. वांबुआला नऊ दिवस आत टाकलं. ही बातमी कळल्यापासून गुप्त्यांना जेवण जात नव्हतं. अकराशे शब्दांचं ते पत्र म्हणजे त्यांचा बावीस वर्षांचा साठलेला संताप होता. सुरुवातीला त्यांनी उपरोधाने रेडिओची आरती ओवाळली होती, आणि मग सोलून काढलं होतं.

त्यांनी उभ्या उभ्याच पान उघडलं. पत्र चार ओळींचं होतं.

'मी नैरोबीत बावीस वर्षं राहिलो. तिथला रेडिओ कधीही चुकत नाही. त्याच्या बातम्यांत देशाची रोज प्रगती होते. एवढ्या वर्षांत सरकारविरुद्ध एकही तक्रार मी त्यावर ऐकली नाही. – एस. गुप्ता, इल्फर्ड.'

वर ठळक मथळा : 'नैरोबीचा आदर्श रेडिओ'.

"बघू," म्हणत नंदाताईंनी अंक ओढून घेतला. "छान लिहिलंय की हो. इतकं गोड तुम्ही माझ्याबद्दलसुद्धा कधी लिहिलं नाहीत."

"अगं, पुढचं कापलंय! 'कारण तक्रार करणारे सगळे तुरुंगात होते', हे वाक्य कुठेय? वांबुआ कुठेय?"

मीनल कॉर्नफ्लेक्स खात होती. ती सहा वर्षांची असताना नैरोबीहून आलेली; आता ए-लेव्हलला होती आणि तिचं मराठी वाटेत कुठेतरी सांडलं होतं. "बाबा, तुमचा पत्र खूप लाँग होता ना. आय टोल्ड यू. लोक ब्रेकफास्टला एवढा नाही वाचत."

"कमीत कमी नाव तरी धड छापायचं! गुप्ता म्हणे!"

"ते बरंच झालं," नंदाताई म्हणाल्या. "लोकांना वाटेल, दुसराच कुणीतरी."

सोमवारी लायब्ररीच्या लंच अवरमध्ये गुप्त्यांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला. पत्रव्यवहाराचं पान पाहणाऱ्या बाईंचा आवाज अतिशय गोड होता.

"पत्र संक्षिप्त करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो, सर."

"संक्षिप्त? मॅडम, तुम्ही माझं मतच फिरवलंत! नैरोबीत आमच्या मजकुराला कात्री लागायची, पण कात्री लावणारा माणूस आधी मजकूर वाचायचा तरी!"

"आय अ‍ॅम सो सॉरी. आपण दुरुस्ती छापू या. काय काय चुकलंय, सांगता?"

गुप्त्यांनी सगळं सांगितलं. रेडिओ, तुरुंग, पीठ, वांबुआ. बाई लिहून घेत असल्यासारखा आवाज येत होता. शेवटी सहज म्हणून त्यांनी आडनावाचंही सांगितलं.

बुधवारी दुरुस्ती आली : 'शनिवारच्या अंकातील नैरोबीच्या आदर्श रेडिओविषयीचे पत्र इल्फर्डच्या श्री. शशिधर गुप्ते यांचे होते. आडनावातील चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

आता कुणाला शंका राहायचं कारणच उरलं नाही.

पहिला तुटला किमानी. किमानी मूळचा नैरोबीचा वकील. नको त्या माणसांची वकिली केली म्हणून तो वर्षभर आत जाऊन आला होता आणि आता इल्फर्डमध्ये मिनीकॅब चालवत होता. दर गुरुवारी लायब्ररीत तो गुप्त्यांशी बुद्धिबळ खेळायला यायचा. त्या गुरुवारी तो आला नाही. गुप्त्यांनी घरी फोन केला.

"मिस्टर गुप्ते," किमानी म्हणाला. एरवी तो त्यांना 'म्झे' म्हणायचा, म्हणजे वडीलधारे. "मी तुरुंगात गेलो तो काही तिथला रेडिओ छान ऐकू येतो म्हणून नव्हे." आणि फोन ठेवला.

शुक्रवारी पोस्टाने एक लांब नळकांडं आलं. कुणा केनियन व्यापारी मंडळाने 'सत्य लिहिल्याबद्दल' आभारपत्र आणि राष्ट्राध्यक्षांच्या रंगीत फोटोचं कॅलेंडर पाठवलं होतं. गुप्ते ते फाडायला निघाले.

"फाडू नका हो, किती जाड कागद आहे," नंदाताई म्हणाल्या. "डब्यांखाली घालते."

"माझ्या घरात, माझ्या डब्यांखाली तो माणूस नको!"

"मग वर्तमानपत्रच घालू का? त्याचे चार अंक आहेत."

गुप्ते तरातरा बाहेर गेले. त्यांनी दार आपटलं, मग कोट आतच राहिला म्हणून पुन्हा उघडलं.

पंधरा दिवसांनी लेटरबॉक्समधून एक कात्रण आत पडलं. किमानीची गाडी निघून गेल्याचा आवाज आला. नैरोबीच्या एका सरकारधार्जिण्या दैनिकाने पहिल्या पानावर चौकट टाकली होती : 'प्रख्यात ब्रिटिश पत्रकार गुप्ते यांची ग्वाही – आमचा रेडिओ कधीही चुकत नाही.' खाली त्या चार ओळी, शब्दशः.

गुप्ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. "वांबुआने हे वाचलं असेल," ते म्हणाले. "नऊ दिवस आत राहून आला आणि बाहेर येऊन त्याने हे वाचलं."

"फोन करा ना त्याला."

"आणि काय सांगू? त्याचा फोन दुसरं कुणी ऐकत असलं तर? मी खरं बोललो की तो पुन्हा आत. मला माफीसुद्धा मागता येत नाही, नंदा! इथे कापतात, तिथे ऐकतात. माणसाने बोलायचं तरी कुठे?"

नंदाताईंनी त्या दिवशी थट्टा केली नाही. त्यांनी चहा आणून दिला आणि शेजारी बसल्या. त्यानंतरचा आठवडाभर गुप्ते त्या गोड आवाजाच्या बाईंना ऐकवायची वाक्यं मनात घोळवत होते. लायब्ररीत शिक्के इतक्या जोरात पडायला लागले की वाचक दचकून वर बघायचे.

मग एक पाकीट आलं. त्यावर राणीचं तिकीट होतं, पण अक्षर वांबुआचं. कुणीतरी खिशातून आणून हीथ्रोवर पोस्टात टाकलं होतं. गुप्त्यांना ते उघडायचं धाडस होईना. शेवटी मीनलने उघडलं आणि इंग्रजी वाचायचं असल्याने न अडखळता वाचलं.

'प्रिय गुप्ते, तू कमाल केलीस! "एवढ्या वर्षांत एकही तक्रार ऐकली नाही", हे वाक्य इथल्या सरकारधार्जिण्या दैनिकाच्या पहिल्या पानावर! सकाळी अंक हातात पडला आणि अख्खं डेस्क हसून हसून टेबलाखाली गेलं. दुपारपर्यंत शहरात जो तो ते वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होता. मटाटूचे कंडक्टरसुद्धा गाडीत रेडिओ लागला की ओरडतात, "शांत बसा, हा कधीही चुकत नाही!" ज्यांनी छापलं त्यांना अजून कळलेलं नाही. तू खुलासाबिलासा काही करू नकोस. आणि तुझं लांबलचक लिहिणं आम्हाला ठाऊक आहे. कुठे थांबायचं हे तुला कधीच कळलं नाही. तेव्हा ज्या शूर संपादकांनी नेमकं तिथे थांबवलं, त्यांना आमच्या सगळ्यांचा सलाम कळव. नक्की कळव.'

मीनल हसत सुटली. "बाबा, यू आर फेमस!"

"शूर?" गुप्ते ताडकन उठले. "ती बाई शूर? माझे एक हजार शब्द खाल्ले तिने! पिठाचा सबंध परिच्छेद होता!"

"त्याने सलाम कळवायला सांगितलाय," नंदाताई म्हणाल्या. "तो आत जाऊन आलाय हो. त्याचा निरोप तरी कापू नका."

त्यांनी आधी किमानीला फोन करून ते पत्र वाचून दाखवलं. पलीकडे हसू फुटलं. "म्झे, मी इतका शिकलेला माणूस आणि मलाच कळलं नाही. बोर्ड मांडा, येतो."

मग दात-ओठ खात त्यांनी कचेरीचा नंबर फिरवला. आठवडाभर घोळवलेली सगळी वाक्यं गिळून ते म्हणाले, "मॅडम, नैरोबीचे पत्रकार तुमचे आभारी आहेत. तुम्ही फार योग्य जागी कापलंत."

मग बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही चांगले आहात, म्हणून तुमच्याशी खोटं नाही बोलवत. पत्र मी पूर्ण वाचलंच नव्हतं. त्या दिवशी खाली गादीची जाहिरात होती. ऐन वेळी त्यांनी डबल बेडऐवजी किंग साइझ केली, आणि पत्राला चारच ओळींची जागा उरली."

गुप्त्यांनी फोन ठेवला. मग ते वांबुआला उत्तर लिहायला बसले. त्यांनी लिहिलं, की सलाम पोचवला. बाई स्वभावाने अत्यंत विनयशील आहेत आणि कुठलंही श्रेय घ्यायला तयार नाहीत. एवढ्यावर त्यांनी सही केली. गादीविषयी त्यांनी एक अक्षरही लिहिलं नाही.