दार मूळचंच आहे!

जुनी गाडी अशी दुरुस्त करावी, की ती दुरुस्त केलीय हे कुणाला कळताच कामा नये! हे माझं तत्त्व. ते मी सासऱ्यांना इतक्यांदा ऐकवलं, की कंटाळून त्यांनी आपली जिवापाड जपलेली दोन दारांची गाडी माझ्या हवाली केली. अट एकच : मूळचं काहीही बदलायचं नाही.

बदलतोय कशाला! रंग नुसता मऊ फडक्याने पुसला. सीटचं चामडं तान्ह्या बाळासारखं तेल लावून चोळलं. चाकं काढून गाडी ठोकळ्यांवर चढवली, काचा वर-खाली करायची यंत्रं खोलून टेबलावर मांडली आणि सासऱ्यांना पाहायला बोलावलं.

ते आत बसले. दार ओढून घेतलं. ठप्प!

"ऐकलंत, जावईबापू? मूळचा आवाज!"

"वा!"

त्यानंतर दार उघडेचना! आतून नाही, बाहेरून नाही. दुसरं दार गॅरेजच्या भिंतीला खेटलेलं. काच खाली करावी, तर तिची आतडी टेबलावर!

मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "ड्रिलने कुलूप उडवतो."

"खबरदार!" पुढच्या त्रिकोणी काचेच्या फटीतून सासरे गरजले. "मूळचं कुलूप आहे!"

"मग काच फोडू?"

"तीही मूळचीच!" हा मी.

मेकॅनिकने डोकं खाजवलं. "यात मागाहून बसवलेलं काय आहे?"

"सध्या फक्त मी," सासरे म्हणाले.

फटीतून त्यांना पेपर दिला. स्ट्रॉ लावून चहा पाजला. तिथेच चुकलं! थोड्याच वेळात त्यांचा सूर पालटला.

"जावईबापू, ही काच काही तितकीशी मूळची नसावी..."

"असं कसं, बाबा? कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आहे!"

"शिक्का गेला खड्ड्यात! मला जायचंय!"

शेवटी मेकॅनिकने डिकीतून हात घालून मागच्या सीटची पाठ सोडवली आणि आम्ही सासऱ्यांना पाय धरून डिकीतून बाहेर ओढलं. ते कुणाकडेही न बघता, कोपर चोळत घरात पळाले.

तेवढ्यात बायको धावत आली. "काही ओरखडे-बिरखडे?"

मी टॉर्च घेऊन डिकी, सीट, दार, सगळं निरखून पाहिलं. "एकसुद्धा नाही!" मी छाती फुगवून सांगितलं.

ती वडिलांबद्दल विचारत होती, हे मला तिच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. म्हणजे, जरा उशिराच कळलं.