मार्लिसची गिरकी

"एका दुपारचं काम!" लेलँड ग्रुबिशने चर्चच्या कमिटीला छाती ठोकून सांगितलं.

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावाच्या पोल्का नाचाला पन्नास वर्षं होत होती आणि जुन्या टेपांचा सिनेमा लेलँडशिवाय करणार कोण? ऐन उमेदीत प्रत्येक नाचाला खांद्यावर कॅमेरा घेऊन तोच तर उभा असायचा. स्वतः मात्र एकदाही नाचला नाही.

घरी येऊन त्याने टेप कॉम्प्युटरवर चढवली आणि छाती पुन्हा होती तेवढी झाली. नाचणाऱ्या प्रत्येकाला कंगव्यासारखे दाते फुटले होते! तरुणपणीची मार्लिस गिरकी घेत होती आणि तिचा हिरवा झगा साळिंदरासारखा दिसत होता!

दोष टेपचा नव्हता. आजचे फोन सबंध चित्र एका दमात घेतात. त्याला म्हणतात प्रोग्रेसिव्ह. लेलँडचा कॅमेरा पडला इंटरलेस्ड. तो चित्र दोन हप्त्यांत घ्यायचा, आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. आणि या पठ्ठ्याने सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की सगळं फोनसारखंच आहे!

त्याने खटपट करून हप्त्यांचा क्रम बदलला, तर सगळे जागच्या जागी पुढेमागे हिसके खायला लागले.

"यांना काय मुंग्या चावल्यात?" बहीण बर्निस डोकावली.

मग त्याने दोन्ही हप्ते एकमेकांत मिसळले. दाते गेले, पण मार्लिसच्या मागे आणखी एक पुसट मार्लिस नाचू लागली.

"दोन-दोन मार्लिस!" बर्निस म्हणाली. "अरे, तुला एकीला नाचायला विचारायची छाती झाली नाही!"

खोटं काय होतं त्यात? मार्लिस लग्न करून ॲरिझोनाला गेली, पुढे तिचा नवरा वारला, आणि आता ती या समारंभाला येणार होती.

मंगळवारी एकदाचा योग्य क्रम सापडला. सिनेमा तयार! पण त्याला राहवेना. प्रत्येक चित्राचे दोन हप्ते सुटे केले की दुप्पट चित्रं मिळतात आणि हालचाल लोण्यासारखी मऊ आणि संथ करता येते, हे त्याला कळलं होतं. पापणी लवेपर्यंत संपणारी ती गिरकी त्याने ताणली, ताणली, ताणली. आणि मध्येच मार्लिस थेट कॅमेऱ्याकडे बघून हसली!

इतकी वर्षं हे त्याला दिसलंच नव्हतं. तो तुकडा त्याने सिनेमाच्या शेपटीला फक्त स्वतःसाठी ठेवला. काढायचं मात्र विसरला.

रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये कोंबडी झाली, बिअर झाली, सिनेमाला टाळ्या झाल्या. आणि मग पडद्यावर मार्लिस आली. हळू... हळू... वळतच राहिली.

"मशीन अडकलं!" कोणीतरी ओरडलं.

"मशीन नाही, लेलँड अडकलाय!" बर्निसने खुलासा केला.

लेलँड वायर उपटायला टेबलाखाली घुसला. उपटली ती कॉफीच्या मशीनची! हॉलभर बोंब, आणि पडद्यावर मार्लिस आपली हसतेच आहे.

टेबलापाशी दोन चपला येऊन थांबल्या.

"लेलँड, बाहेर ये." मार्लिसच होती. "मी हसले होते, ते तुला आज दिसलं?"

"आज नाही, मंगळवारी."

"धन्य रे बाबा! मला वाटलं, तू बघून न बघितल्यासारखं केलंस. उद्या सकाळचं माझं विमान आहे. आता तरी नाचणार आहेस का?"

लेलँड नाचला. तिच्या पायावर दोनदा पाय दिला, पण नाचला.

सोमवारी मार्लिस गेली आणि लेलँडला घर फारच शांत वाटू लागलं. बर्निस फोन घेऊन आली. "रडवेला होऊ नकोस. तुमचा अख्खा नाच मी टिपलाय!"

लेलँडने तो लगेच कॉम्प्युटरवर चढवला. चित्र एकदम सबंध, स्वच्छ, एकही दाता नाही. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रभर बर्निसचा अंगठा! मागून कुठूनतरी मार्लिसचं खळखळून हसणं तेवढं ऐकू येत होतं.

"पुसून टाकू?" बर्निस ओशाळून म्हणाली.

"हात लावशील तर बघ!" लेलँडने कॉम्प्युटरचा आवाज मोठा केला आणि अंगठ्याकडे बघत बसला.