मेश्राम मॅडम आणि पन्नाशीचे पंक

आमच्या वारज्याच्या सोसायटीत सकाळी फोडणीचा वास आला, की पाठोपाठ गिटारींचा दणदणाट येतो. दोन्हींचा उगम एकच, माझ्या शेजारच्या मेश्राम मॅडमचं स्वयंपाकघर. मॅडम मूळच्या नागपूरच्या, सरकारी खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. एकट्या राहतात आणि पॉप पंक ऐकतात. म्हणजे गिटारी धावत सुटतात आणि गाणारा प्रेमभंगाची तक्रार करत त्यांच्यामागे पळतो, तो प्रकार.

सेक्रेटरींनी एकदा दारात येऊन विचारलं, "आवाज जरा कमी करता येईल का?"

"तुमच्या कुकरच्या शिट्ट्या मी ऐकून राहिली ना? मग?"

सेक्रेटरी निमूट जिना उतरले.

"रांगेत या" हे मॅडमचं आवडतं वाक्य. भाजीच्या गाडीपाशी मी एकटीच उभी असले तरी मागून येऊन "रांगेत ये" म्हणतात. मग मी सरळ उभी राहते. कशासाठी, ते मलाही माहीत नाही.

त्यांचा लाडका बँड परदेशातला. चौघंही पन्नाशी ओलांडलेले, अर्ध्या चड्डीतले, आणि अजूनही कॉलेजातल्या मुलीवर रुसलेले. तो बँड पुण्यात येणार असं कळलं, तेव्हा मॅडम माझ्या दारात आल्या.

"मला गर्दीची सवय नाही. तू चल सोबत."

मेश्राम मॅडमना एखाद्या गोष्टीची सवय नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी हो म्हटलं.

कार्यक्रम मांजरी गावाकडच्या एका मैदानावर होता. हडपसरला आमची रिक्षा अडकली ती अडकलीच. मॅडम पर्सचा पट्टा पिळत बसल्या होत्या.

"सुरू झालं असेल का?"

"अहो, वेळ आहे अजून."

"मला आधी पोहोचायचं आहे. सुरू झाल्यावर कोणी दिसत नाही."

आत शिरलो तेव्हा सगळीकडे काळे टी-शर्ट. त्यात मॅडमची फिकट निळी कॉटनची साडी. लोक स्टेजकडे बघत होते आणि मॅडम लोकांकडे. एकेक चेहरा न्याहाळत होत्या. तेवढ्यात दिवे भडकले, ड्रम सुरू झाले आणि सगळं मैदान उड्या मारायला लागलं. मॅडमनी माझा हात सोडला आणि सरळ गर्दीत घुसल्या.

"मॅडम! अहो, थांबा!"

पुढे पोरांनी रिंगण करून एकमेकांना धडका द्यायला सुरुवात केली होती. मॅडम त्यांच्या मधोमध. "रांगेत या!" त्या ओरडल्या.

"काकू, इथे लाइन नसते. साइडला व्हा ना, प्लीज!"

एकाचा खांदा त्यांना लागला. त्या भेलकांडल्या. मी कसंबसं गाठून त्यांचा दंड धरला.

"चला बाहेर. पडाल तुम्ही."

"ती इथंच असेल."

"कोण?"

"प्रज्ञा. माझी मुलगी."

इतकी वर्षं शेजारी राहून मॅडमना मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. त्या माझ्या कानाशी ओरडून सांगत होत्या. प्रज्ञाने स्पर्धा परीक्षांचा अभ्यास मध्येच सोडला. मॅडमनी संतापून तिच्या खोलीतली याच बँडची पोस्टरं फाडली. "ही बोंबाबोंब करायची असेल तर माझ्या घरात नको," म्हणाल्या. ती खरंच गेली. आता बंगळुरूला असते, फोन उचलत नाही.

"यांना बघायला ती आल्याशिवाय राहणार नाही."

"पण मग रोज सकाळी ती गाणी...?"

"पोरगी काय ऐकत होती, ते तरी कळावं म्हणून. आधी डोकं दुखायचं फार."

बोलता बोलता त्या थांबल्या. चार माणसं पुढे, आखूड केसांची, चष्मा लावलेली एक मुलगी एकटीच उभी होती. डोळे मिटून जिवाच्या आकांताने गात होती.

"हाक मारा ना," मी म्हटलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. माणसांमधून वाट काढत तिच्या अगदी पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. हात तिच्या खांद्यापर्यंत गेला आणि मागे आला. तेवढ्यात मागून लोंढा आला. मॅडमनी पाय रोवले, दोन्ही कोपरं बाहेर काढली. धडकेमागून धडका बसत होत्या आणि मॅडम दात आवळून त्या अंगावर घेत होत्या. पुढच्या मुलीला धक्काही लागला नाही. ती गात राहिली.

गाणं संपलं. साडीचा काठ बघून ती हसत मागे वळली.

"थँक्यू, आंटी..."

हसू तसंच थिजलं. स्टेजवर पुढच्या गाण्याचे ड्रम सुरू झाले होते. मला वाटलं, आता ही निघून जाणार.

"आई?"

मॅडमनी कोपरं खाली घेतली. म्हणाल्या, "तू गा. मी आहे मागे."

प्रज्ञाने आईला हाताला धरून पुढे ओढलं, स्वतःच्या पुढ्यात उभं केलं आणि मागे वळून गर्दीकडे एकदा बघितलं. मग दोन्ही कोपरं बाहेर काढली.