आडवं होऊन पाहिलेलं घर

टिळेकर काका आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा चहाला उकळी यायच्या आत ते हॉलमध्ये जमिनीवर आडवे झाले. चष्मा पोटावर ठेवला, डोळे मिटले. मला वाटलं, चक्करच आली. मी पाणी घेऊन धावले, तर काकू सोफ्यावरून शांतपणे म्हणाल्या, "राहू दे गं मेधा. ते घर बघताहेत."

थोड्या वेळानं काकांनी एक डोळा उघडला. "पलीकडच्यांचा मिक्सर ऐकू येतो. एसी थेट टाळूवर येतो. पण घर मनाचं चांगलं आहे." मग उठून बसले आणि त्यांनी मला ते वाक्य ऐकवलं, जे पुढं मी शेकडो वेळा ऐकलं. "उभ्यानं घर बघतो तो पाहुणा. आडवा होऊन बघतो तो मालक!"

आता कुठला मालक आणि कुठलं काय! आम्ही दोन्ही कुटुंबं इथं आखातात, अल गराफा भागातल्या एकाच व्हिलात भाड्यानं राहत होतो. व्हिला म्हटलं की गावाकडच्या नातेवाइकांना संगमरवरी जिना दिसतो. आमच्या मालकानं भिंती घालून त्या व्हिलाचे इतके तुकडे केले होते, की जिना काकांच्या वाट्याला आला होता आणि त्याचा कठडा आमच्या. आमचं स्वयंपाकघर तर मूळचं गॅरेज होतं.

काका नाशिकचे, गॅस कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. आधी बरीच वर्षं दुखानला कंपनीच्या वसाहतीत काढलेली. शुक्रवारी पोहे खाऊन झाले की ते विकाऊ फ्लॅट बघायला निघत. परदेशी माणसाला इथं काही ठरावीक भागांतच घर विकत घेता येतं. ते सगळे भाग काकांनी आडवे होऊन पाहिले होते. "यल्ला, चल मेधा, येतेस?" अशी हाक आली की मीही जायची. फुकटात समुद्र दिसायचा.

त्यांचा एजंट शाजी नावाचा सोशिक केरळी माणूस. सुरुवातीला तो रंगीत माहितीपत्रकं आणायचा, पुढं पुढं नुसती चटई आणू लागला. एकदा काकांना एका फ्लॅटमध्ये चक्क झोप लागली. ते घोरत असताना दुसरं एक जोडपं घर बघायला आलं आणि त्यातल्या बाई किंचाळल्या. शाजी जागचा हलला नाही. "मॅडम, टेन्शन नहीं. सर टेस्टिंग करता है." एवढी गाढ झोप बघून त्या जोडप्यानं तो फ्लॅट तिथल्या तिथं पक्का केला. काका जागे होऊन म्हणाले, "बरं झालं. दुपारी झोप लागते म्हणजे घर आळशी."

काकू म्हणायच्या, "पोरी अशा बघितल्या असत्या तर अजून ब्रह्मचारी असते. मला मात्र उभ्याउभ्या पसंत केलं."

आमची करमणूक व्हायची, पण काकांची साठी जवळ आली होती. इथं नोकरी संपली की राहायची परवानगीही संपते. स्वतःच्या नावावर घर असेल तरच ती मिळण्याची आशा. टोरांटोचा मुलगा फोनवर म्हणे, "बाबा, जस्ट गो होम." त्यावर काका फोन ठेवून पुटपुटत, "होम म्हणजे कुठलं, ते सांगत नाही लेकाचा." नाशिकला त्यांचा फ्लॅट होता, पण त्या इमारतीत त्यांना ओळखणारा फक्त लिफ्टवाला. नोकरीच्या शेवटच्या महिन्यांत ते आडवे होत, पण डोळे मिटत नसत. नुसते छताकडं बघत राहत. मला त्यांची फार काळजी वाटू लागली.

अखेर मराठी मंडळानं निरोप समारंभ ठरवला. भाषणं झाली, डोळे पुसून झाले, शाल-श्रीफळ झालं. काका उभे राहिले. "शाल ठेवून घेतो, एसी फार आहे. नारळही ठेवतो, वास्तुशांतीला लागेल. कारण मी जात नाहीये. लुसैलला घर घेतलंय. कागद झाले, परवानगी आली. खलास!"

सभागृहात जो काही गलका उठला! शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी गणपतीची आरोळीही ठोकली. मागच्या रांगेत शाजी खुर्चीवर चढून रडत होता. ज्या बाईंनी निरोपाची कविता रचून आणली होती त्यांचा चेहरा तेवढा पडला. काकांच्या ते लक्षात आलं. "वाचा की! मेहनत घेतलीये." बाईंनी 'काका, तुम्ही दूर जाताना' ही कविता रडवेल्या सुरात वाचली आणि काकांनी स्वतःच वन्स मोअर दिला.

वास्तुशांतीला त्यांनी आम्हा सगळ्यांना नव्या हॉलमध्ये आडवं केलं. बँकेतले साहेब, त्यांची इंग्रजी बोलणारी पोरं, शाजी, सोवळं सांभाळत गुरुजीसुद्धा. सगळे छताकडं बघत पोट धरून हसत होतो.

हसू ओसरल्यावर मी स्वयंपाकघरात काकूंना विचारलं, "एवढा अट्टाहास कशासाठी हो?" काकू श्रीखंड वाढता वाढता थांबल्या. "कायमची परत जाणारी माणसं घराची किल्ली देऊन टाकतात आणि विमानापर्यंतचे दिवस आमच्याकडं राहतात. तुला माहीत आहेच. विमानतळावर सोडायला हेच जातात. सोडून आले की त्या दिवशी जेवत नाहीत. म्हणतात, त्यांचं इथं आता काहीच उरलं नाही गं. कधी यावंसं वाटलं तर उतरतील कुठं?"

पुढच्या महिन्यात एका दुपारी मला ऑफिसात काकांचा फोन आला. आवाज दबका होता. "मेधा, कुणाला सांगू नकोस. कायमचे परत गेलेले दुखानचे आमचे जुने शेजारी येताहेत, आठ दिवस माझ्याकडंच. घ्यायला आलोय विमानतळावर. सोडायची जागा मला डोळे मिटूनही सापडेल. स्वतः आलो की मुकाट्यानं टॅक्सीवाल्यामागं चालतो, लक्ष कोण देतं? पण माणसं येतात, ते दार कुठलं गं?"