रायाजी साळिंदर सायकल निवडतो

एका जंगलात एक कचेरी होती. जंगलात कचेरी कशाला, असं विचारू नका मुलांनो. जिथे सिंह राहतो तिथे कचेरी येतेच. या कचेरीत रायाजी नावाचं एक साळिंदर कारकून होतं. पाठीवरचा काटा उपटायचा, शाईत बुडवायचा आणि सिंहाचे हुकूम लिहायचे, हे त्याचं काम. लेखणीचा खर्च वाचतो म्हणून सिंहाने त्याला ठेवून घेतलं होतं.

रायाजीचं बीळ होतं लांब, नदीवरच्या पुलापलीकडे. पाय आखूड. रोज उशीर व्हायचा आणि रोज तो बोलणी खायचा.

पण ते एक वेळ सोडा. त्याचा जीव अडकला होता भलतीकडेच. जंगलाच्या मागे एक कडा होता आणि कड्यावर बकुळा नावाची साळिंदरीण राहायची. बाजाराच्या दिवशी ती खाली यायची आणि कंदांच्या भावावरून रायाजीशी कडाकडा भांडायची. भांडता भांडता दोघांचं जमलं. हसू नका रे, पुष्कळांचं असंच जमतं.

दसऱ्याआधीच्या बाजारात बकुळा म्हणाली, "हे बघ, तुळशीचं लग्न लागलं की बाबा माझंही लावून टाकणार आहेत. पठारावरचं स्थळ आलंय. त्याआधी वर ये आणि बाबांना रीतसर विचार."

"येतो की! सायकलच घेतो. रोज कचेरीला तीच, रविवारी कड्यावर तीच. तुझ्या बाबांवर छाप पडेल."

"अरे, पायी ये. बाबा सायकल नाही बघणार, तुला बघणार."

पण रायाजीच्या डोक्यात सायकल शिरली ती शिरलीच.

दुसऱ्याच दिवशी तो अस्वलशेठच्या दुकानात गेला. म्हणाला, "शेठ, पगार तुम्हाला ठाऊक आहे. कचेरीला चालली पाहिजे, डोंगरातही चालली पाहिजे, आणि घेतल्यावर मला जेवताही आलं पाहिजे."

शेठने एक हिरवी सायकल बाहेर काढली. "ही घ्या रायाजीराव. टायर रुंद आहेत, दगडगोट्यांत घसरणार नाहीत. ब्रेक घट्ट लागतात. चढाला गिअर आहेत. मागे कॅरिअर बसवून देतो, डब्याची सोय होईल. बसून तर बघा."

रायाजी बसला. पाय बरोबर टेकले. त्याने दुकानासमोर एक चक्कर मारली, उगाचच घंटी वाजवली, आणि त्याला एवढा आनंद झाला की पाठीवरचे सगळे काटे उभे राहिले. सायकल खिशाला परवडत होती.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. शेठने पावती फाडायची, रायाजीने पेढे वाटायचे, तुम्ही गुपचूप झोपायचं. पण रायाजी म्हणाला, "जरा कोल्हेसरांना विचारून येतो."

झालं!

कोल्हेसर वडाखाली बसायचे. सर कुठल्या शाळेत शिकवत होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळे त्यांना सर म्हणायचे. सायकलीवर ते जन्मात बसले नव्हते. सायकलीबद्दल मात्र त्यांना सगळं माहीत होतं. सकाळपासून चारपाच जण त्यांच्याभोवती बसून माना डोलवत असायचे.

रायाजीने हिरव्या सायकलीचं वर्णन केलं. सरांनी डोळे मिटून घेतले.

"ब्रेक कसले?"

"घट्ट आहेत, सर."

"घट्ट हा काय प्रकार असतो? डिस्क आहेत का?"

"नाहीत."

"मग उतारावर जीव द्यायचाय का तुला? अरे, थोडेसे वर घाल. डिस्कवाली येते."

रायाजी घाबरला. कड्याच्या उतारावर आपली हाडं गोळा करत बकुळा फिरते आहे, असं त्याला दिसायला लागलं. तो शेठकडे पळाला. शेठने डिस्कवाली दाखवली. रायाजी परत वडाखाली आला.

"पुढे धक्के झेलणारा शॉकअप आहे?" सरांनी विचारलं.

"आहे, सर!" रायाजी खुशीत म्हणाला.

"आहे? म्हणजे रोज कचेरीच्या सपाट रस्त्यावर तुझी निम्मी ताकद तो शॉकअप खाणार. सपाटीला लॉक होणारा हवा. थोडेसे वर घाल."

लॉक होणारा निघाला, तर वजन जास्त निघालं. "सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडता आला पाहिजे," सर म्हणाले.

"वाटेत ओढा नाहीये, सर."

"आज नाहीये."

सगळ्यांनी माना डोलवल्या. रायाजीनेही डोलवली. थोडेसे, थोडेसे करत सायकल अशी महाग झाली की ती घ्यायला सिंहालाच कर्ज काढावं लागलं असतं.

"एवढ्यात तर दोन येतात," सर म्हणाले. "एक कचेरीला, एक कड्याला."

"बिळात एकसुद्धा मावत नाही हो."

"मग परवडणारी अशी एकच घे ना, दोन्हीकडे चालणारी! इतकं सोपं आहे ते."

"शेठनी पहिल्या दिवशी तीच तर दाखवली होती."

"ती सोडून."

दसरा गेला. दसऱ्याला कुणी सायकल घेतं का, सगळे तेव्हाच घेतात, असं सर म्हणाले. दिवाळीला नवं मॉडेल येणार होतं. दिवाळी आली तसं नवं मॉडेलही आलं, पण दिवाळी उलटली की भाव उतरतात, हे तर शेंबडं पोरही सांगेल. रायाजी थांबला. बाजाराच्या दिवशी बकुळा विचारायची, "घेतलीस?" तो म्हणायचा, "बस, आता दोनच उरल्यात. त्यातली एक ठरवायची."

आणि मुलांनो, आता खरी गंमत ऐका. वडाखाली बसून बसून रायाजी चांगला तयार झाला. सर डुलकी घ्यायचे तेव्हा लोक त्यालाच विचारायला लागले. टायर किती रुंद हवा, हँडल किती लांब हवं, सीट कुठवर हवी, तो घडाघडा सांगायचा. कचेरीत ज्याला कुत्रं विचारत नव्हतं त्याच्यासमोर रांग लागायला लागली. रायाजीला ते फार म्हणजे फारच आवडलं.

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी तो असाच सांगत बसला होता. तेवढ्यात घंटी वाजली. कड्याच्या वाटेने बकुळा आली. हिरव्या सायकलीवरून! अंगभर धूळ, डोळ्यांत पाणी, वाऱ्याने आलं होतं की कशाने, कोण जाणे.

"तू येईनास, म्हणून मीच शेठकडून घेतली," ती म्हणाली. "तीन वेळा वर नेली, खाली आणली."

रायाजी उठला. सायकलीभोवती एक फेरी मारली. बकुळाकडे त्याने बघितलंच नाही.

"ब्रेक कसले आहेत?"

"लागतात."

"गिअर किती?"

"मोजले नाहीत. चढते."

"बघितलंत?" रायाजी मंडळींकडे वळून म्हणाला. "माहिती न घेता घेतलं की असं होतं."

मंडळी हळहळली. बकुळाचे काटे एकदा उभे राहिले आणि खाली बसले.

"रायाजी, मागे कॅरिअर आहे. बस. आत्ता जाऊ, संध्याकाळच्या आत बाबांना विचारशील."

बसायचं होतं हो त्याला! एक पाय त्याने पुढे टाकलासुद्धा. पण सर हळूच खोकले, सगळे त्याच्याकडे बघायला लागले, आणि रायाजीच्या तोंडून निघून गेलं, "डोंगरच्या सायकलला कॅरिअर लावत नाहीत, बकुळा. तोल जातो."

"तोल गेलाच आहे," बकुळा म्हणाली. तिने सायकल वळवली आणि मागे न बघता चढ चढून गेली. चढावर एकदाही उतरली नाही. सरांनी मात्र तिचं पायडल मारणं चुकीचं आहे असं सांगितलं.

त्याच आठवड्यात रायाजीची कीर्ती सिंहाच्या कानावर गेली. सिंहाने त्याला सायकल-सल्लागार नेमलं आणि कचेरीत हवं तेव्हा यायची मुभा दिली. नेमणुकीचा हुकूमही रायाजीनेच लिहिला, स्वतःचाच काटा उपटून. जरा दुखलं.

तुळशीचं लग्न लागलं. बकुळाचं ठरलं. पठारावरचा नवरा साधासुधा होता. तो दोनदा पायी आला होता, बाबांनी त्याला बघितलं होतं, त्यांना तो आवडला होता. आमंत्रण सगळ्या जंगलाला होतं.

रायाजी सकाळी निघाला. सायकल नव्हती, म्हणून चालत. वाट दगडधोंड्यांची होती, पण पायांना जमत होती. दोनदा बसून दम खाल्ला, पाणी प्यायला, आणि पंगतीच्या आधी वर पोचला. कड्यावर उभं राहून त्याने खाली बघितलं. एवढंच? एवढंच होतं हे?

मांडवात अंतरपाट धरला होता. रायाजी अक्षता मुठीत घेऊन उभा राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली. दर 'सावधान'ला त्याच्या काळजात काहीतरी तुटत होतं. आता ओरडावं, थांबा म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं.

तेवढ्यात शेजारच्या पाहुण्याने त्याच्या कानाशी येऊन विचारलं, "आपणच ते सायकलवाले साहेब ना? मुलाला एक घ्यायची होती. कचेरीलाही चालेल, डोंगरातही चालेल अशी."

"हं," रायाजी म्हणाला. आधी सांगावं, मग ओरडावं, असं त्याने ठरवलं. टायरपासून सुरुवात केली. ब्रेक झाले, शॉकअप झाला, वजनावर तो आला तेव्हा वाजंत्री वाजायला लागली होती. त्याने वळून बघितलं. अंतरपाट गेला होता. बकुळाच्या गळ्यात हार होता. अक्षता याच्या मुठीतच होत्या, घामाने चिकटलेल्या.

रायाजीला रडू आलं. खरंच आलं, मुलांनो, ढसाढसा आलं. पण मागे आणखी चौघे पाहुणे येऊन उभे होते आणि सगळे अदबीने वाट बघत होते. रायाजीने डोळे पुसले, घसा खाकरला आणि पहिल्याला विचारलं, "बजेट किती?"

तात्पर्य: सायकल घेण्याची घाई कधीही करू नये. जो घेतो त्याला एकच सायकल मिळते आणि मग जन्मभर ती चालवत बसावं लागतं. जो निवडत राहतो त्याला मानाचं पद मिळतं, दुसऱ्यांच्या लग्नात पहिल्या पंगतीचं पान मिळतं, आणि त्याची सायकल कधीही पंक्चर होत नाही. बकुळाचं म्हणणं वेगळं असेल कदाचित, पण ती सायकलवरून पुढे निघून गेली असल्यामुळे तिला विचारता आलं नाही.